तीन हजार लिंक विकत घेऊ का?

वाचकांचं पत्र:

नमस्कार ताई,
मी जुळे सोलापुरात राहते. तीन वर्षांपासून सोलापूरविषयी मराठीत ब्लॉग लिहिते. शेंगा चटणी, कडक भाकरी, हुरडा, चादरी आणि सिद्धरामेश्वरांनी स्थापन केलेली ६८ लिंगं हे माझे विषय. ६८ पैकी ४१ लिंगांच्या ठिकाणी स्वतः जाऊन फोटो आणि माहिती टाकली आहे. वाचक येतात, पण गूगलवर शोधलं की माझा लेख दुसऱ्या-तिसऱ्या पानावर सापडतो. गेल्या महिन्यात एका एजन्सीचा फोन आला. साडेचार हजार रुपयांत तीन हजार बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्या साइटांवरून माझ्या ब्लॉगकडे येणाऱ्या लिंका, सगळ्या डूफॉलो, सगळ्या डीए ५०च्या वरच्या, असं ते सांगतात. मुलगा म्हणतो, घेऊन टाक. एका वृत्त-संकेतस्थळाने यात्रेच्या बातमीत माझ्या लेखाची लिंक दिली, ती नोफॉलो निघाली. ओळखीतला एक मुलगा म्हणाला, तिचा उपयोग शून्य. ब्लॉग लिहिणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज लिंकांची देवाणघेवाण चालते, तिथेही मला बोलावतात. शिवाय हुरडा पार्टी करणाऱ्या एका शेतमालकाने माझ्या लेखात त्यांची लिंक टाकायचे पैसे देऊ केले आहेत. कोणत्या लिंकने रँकिंग वाढतं आणि कोणत्या लिंकने बुडतं, एकदा नीट सांगा.
एक वाचक, सोलापूर

ताई, नमस्कार.

एजन्सीला पैसे देऊ नका. आणि ज्या नोफॉलो लिंकवर तुम्ही फुली मारून बसला आहात, ती तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची लिंक आहे. ही दोन उत्तरं आधी देते, कारण एजन्सीवाले पुन्हा फोन करतील आणि ‘ऑफर आजच संपते’ म्हणतील.

आता कारण सांगते. सोयरीक जमवताना आपण समोरच्या घराविषयी चौकशी करतो. चार जण बरं बोलले की हायसं वाटतं, पण ते घर आतून माहीत असलेल्या एका जाणत्या माणसाचा शब्द त्या चौघांवर भारी पडतो. सगळ्यांविषयी सारखंच गोड बोलणाऱ्याचं मत मात्र कुणी धरत नाही. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात मांडलेल्या पेजरँकमध्ये हेच गणितात बसवलं होतं. एका पानाने दुसऱ्याला लिंक दिली, म्हणजे त्याच्याबद्दल शब्द टाकला. शब्द टाकणाऱ्या पानाचं वजन जास्त असेल तर लिंकचंही वजन जास्त. आणि त्या पानाने शंभर जणांना लिंक दिल्या असतील, तर ते वजन शंभरांत वाटलं जातं.

गेल्या पंचवीस वर्षांत गूगल कितीतरी बदललं. शोधणाऱ्याला नेमकं काय हवं आहे, पानावर ते आहे का, लिहिणाऱ्याला विषयातलं कळतं का, हे सगळं आता पाहिलं जातं, आणि लिंक ही त्यातली एक गोष्ट उरली आहे. पूर्वीइतकं वजन लिंकला राहिलं नाही, हे गूगलची माणसंही जाहीरपणे सांगतात. पण लिंकांचा हिशेब थांबलेला नाही. एकाच विषयावर दोन चांगले लेख असतील, तर ज्याच्याबद्दल जाणत्या ठिकाणांनी शब्द टाकलाय तो वर जाण्याची शक्यता जास्त असते.

म्हणून कोणतीही लिंक समोर आली की मी एकच गोष्ट विचारते. गूगल नावाची गोष्ट जगात नसती, तरी या माणसाने ही लिंक दिली असती का? यात्रेची बातमी लिहिणाऱ्या पत्रकाराला लिंगांची माहिती हवी होती, ती तुमच्याकडे सापडली, म्हणून त्याने वाचकाला तुमच्याकडे पाठवलं. त्याने ती लिंक नक्की दिली असती. एजन्सीच्या तीन हजारांतली एकही लिंक या प्रश्नाला टिकत नाही.

आता त्या नोफॉलोचं पाहू. साध्या लिंकलाच लोक डूफॉलो म्हणतात. तिच्यावर कोणतीही खूण नसते, गूगल ती मोजू शकतं. नोफॉलो ही लिंकच्या कोडमध्ये लावायची खूण आहे. ती जानेवारी २००५ मध्ये आली, कारण त्या काळी लोक दिसेल त्या लेखाखाली प्रतिक्रियेत आपल्या साइटच्या लिंक चिकटवत सुटले होते. गूगल, याहू आणि एमएसएन यांनी मिळून ठरवलं, की ही खूण असलेल्या लिंकचं वजन धरायचं नाही. ‘नोफॉलोचा उपयोग शून्य’ हा समज त्या काळातला आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये गूगलने नियम बदलला. तेव्हापासून रँकिंगपुरतं नोफॉलो ही सूचना मानली जाते, हुकूम नाही. ती लिंक धरायची की सोडायची, हे गूगल ठरवतं. त्याच वेळी आणखी दोन खुणा आल्या. पैसे घेऊन दिलेल्या लिंकसाठी स्पॉन्सर्ड, आणि वाचकांनी स्वतः टाकलेल्या मजकुरातल्या लिंकसाठी यूजीसी.

त्या बातमीतल्या लिंकने तुमचं रँकिंग वाढलंच असेल असं मी म्हणत नाही, ते बाहेरून कुणालाच कळत नाही. पण कितीतरी वृत्त-संकेतस्थळं धोरण म्हणून बाहेरच्या सगळ्या लिंकांना नोफॉलो लावतात. विकिपीडियाही २००७ पासून तेच करतो. म्हणून विकिपीडियावरून येणारा वाचक काही कमी दर्जाचा ठरत नाही. बातमी वाचून कुणी तुमच्याकडे येतं, त्याला लेख आवडतो, तो पुढे स्वतःच्या लेखात तुमचा उल्लेख करतो आणि तो साध्या लिंकने करतो. चांगल्या लिंका बहुधा अशाच येतात, एकीतून दुसरी. त्यामुळे संपादकांना ‘नोफॉलो काढा’ असं पत्र पाठवू नका. फक्त लिंक उघडून बघा. ती तुमच्या मुखपृष्ठावर जात असेल, तर त्या लेखाचा नेमका पत्ता कळवून दुरुस्तीची विनंती करा. ती ते आनंदाने करतील, कारण त्यात त्यांच्या वाचकाचीच सोय आहे.

आता तीन हजारांच्या पॅकेजकडे येते. इथे जरा थांबते, कारण हा फोन सोलापुरात तुमच्या एकटीला आलेला नाही. गणवेश शिवणारे छोटे कारखानदार, चादरीचे दुकानदार, घरून चटणी विकणाऱ्या बायका, ज्यांनी ज्यांनी वेबसाइट काढली आहे त्यांना हे फोन येतात.

साडेचार हजारांत तीन हजार, म्हणजे एका लिंकला दीड रुपया. दीड रुपयात कुणी लेख वाचत नाही, विचार करत नाही, लिहीत नाही. एक सॉफ्टवेअर चालवलं जातं. ते शेकडो साइटांवर खोटी प्रोफाइल उघडतं आणि त्यात तुमचा पत्ता टाकतं. बेवारस पडलेल्या ब्लॉगांच्या प्रतिक्रियांत ‘खूप छान माहिती’ लिहून तुमची लिंक चिकटवतं. कुणीही न उघडणाऱ्या बुकमार्किंग साइटांवर आणि डिरेक्टऱ्यांत नोंदी करतं. एकच लेख शब्द फिरवून पन्नास ठिकाणी टाकतं. मग तुमच्या हातात एक्सेल शीट येते, तीन हजार ओळींची. बघताना भरल्यासारखं वाटतं.

पॅकेज महागडं असेल तर त्यात आणखी एक प्रकार असतो, त्याला या धंद्यात पीबीएन, म्हणजे प्रायव्हेट ब्लॉग नेटवर्क, म्हणतात. एखादी शाळा, दवाखाना किंवा संस्था आपल्या वेबसाइटच्या नावाचं नूतनीकरण करायला विसरते. ते नाव कुणीतरी विकत घेतं. त्या नावाकडे येणाऱ्या जुन्या, खऱ्या लिंका तशाच असतात. त्यांच्या जोरावर तिथे वाटेल ते लेख टाकून लिंका विकल्या जातात. डोळ्यांना ती साइट वजनदार दिसते, उघडून वाचलं की दाताच्या दवाखान्याच्या नावाखाली कर्ज, कॅसिनो आणि सोलापुरी चादर एकाच पानावर सापडतात. मार्च २०२४ मध्ये गूगलने अशा मुदत संपलेल्या नावांचा गैरवापर आपल्या स्पॅम धोरणात वेगळा नोंदवला.

या लिंकांचं गूगल काय करतं? २४ एप्रिल २०१२ रोजी पेंग्विन नावाचा बदल आला आणि विकतच्या, बनावट लिंकांवर उभ्या असलेल्या साइटांचं रँकिंग कोसळलं. त्या वेळी सावरायला पुढचा पेंग्विन येईपर्यंत वाट बघावी लागे. सप्टेंबर २०१६ पासून पेंग्विन गूगलच्या मुख्य यंत्रणेचा भाग झाला आणि त्याची रीत बदलली. अख्खी साइट खाली ढकलण्यापेक्षा त्या लिंकांचं वजन काढून घेणं सुरू झालं. डिसेंबर २०२२ मध्ये स्पॅमब्रेन ही यंत्रणा लिंकांच्या मागे लागली. लिंक विकत घेणाऱ्या आणि लिंक विकण्यासाठीच चालवलेल्या, अशा दोन्ही साइटा ती ओळखते. म्हणजे तुमच्या बाबतीत बहुधा काहीच होणार नाही. तीन हजार लिंका येतील, गूगल त्यांच्याकडे दुर्लक्ष करेल, साडेचार हजार जातील. नशीब वाईट असेल तर गूगलचा माणूस स्वतः साइट तपासून कारवाई करतो, त्याला मॅन्युअल ॲक्शन म्हणतात. मग खाली गेलेली साइट वर आणायला लिंका काढून घेत, पुनर्विचाराचे अर्ज करत बसावं लागतं. तीन वर्षं स्वतः फिरून उभं केलेलं काम त्या वाटेला नेऊ नका.

‘डीए ५०’ ऐकून दबून जाऊ नका. डीए म्हणजे डोमेन ऑथॉरिटी. साइट शोधात किती वर येऊ शकेल, याचा मॉझ या खासगी कंपनीने बनवलेला १ ते १०० असा तो अंदाज आहे. आपल्या कामापुरता अंदाज म्हणून तो ठीक आहे, पण गूगल रँकिंग ठरवताना तो वापरत नाही, आणि बनावट लिंका ओतून तो वाढवणारे हेच लोक असतात. शिक्षणसंस्थांच्या एज्यु किंवा सरकारी गव्ह अशा शेपटीच्या डोमेनवरून लिंक मिळवून देतो म्हणणाऱ्यांचंही तेच. शेपटी पाहून गूगल जादा गुण देत नाही.

एजन्सीचा फोन पुन्हा आला तर म्हणा, तुम्ही आधी केलेल्या कामातली पाच पानं मला दाखवा. ती उघडा. त्यातल्या एकाही पानावर आपण स्वतःहून कधी गेलो असतो का, ते मुलाला सोबत बसवून बघा. त्याला माझ्या सांगण्यापेक्षा ती पाच पानं लवकर पटवतील.

आणखी एक सापळा आहे, अँकर टेक्स्टचा. ज्या शब्दांवर क्लिक केलं की लिंक उघडते, ते शब्द म्हणजे अँकर टेक्स्ट. त्या शब्दांवरून पलीकडचं पान कशाविषयी आहे, याचा अंदाज गूगल घेतं. माणसं लिंक देतात तेव्हा हे शब्द वेगवेगळे येतात. कुणी ‘६८ लिंगांची यादी’ लिहितं, कुणी तुमच्या ब्लॉगचं नाव, कुणी नुसतं ‘इथे वाचा’. एजन्सी लिंका टाकते तेव्हा दोनशे ठिकाणी अक्षरशः एकच वाक्य असतं, ‘सोलापुरी चादर ऑनलाइन खरेदी’. खोटेपणा तिथेच उघडा पडतो.

व्हॉट्सॲप ग्रुपमधली देवाणघेवाण टाळा. ‘तू मला दे, मी तुला देतो’ अशा ठरवून केलेल्या मोठ्या प्रमाणावरच्या लिंका गूगलच्या स्पॅम धोरणात बसतात. त्याहून वाईट म्हणजे ग्रुपमधल्या मोबाइल रिव्ह्यू आणि शेअर बाजारवाल्यांना तुम्ही लिंका देत बसलात, तर हुरड्याविषयी वाचायला आलेला तुमचा वाचक गोंधळतो. पण याचा अर्थ दोन ब्लॉगांनी एकमेकांना कधीच लिंक देऊ नये असा घेऊ नका. अक्कलकोट किंवा पंढरपूरविषयी मन लावून लिहिणारं कुणी असेल, त्यांचा लेख तुमच्या वाचकाला उपयोगी असेल, तर बेलाशक द्या. त्यांनीही तुमची दिली तर काही बिघडत नाही.

गेस्ट पोस्टचंही असंच. दुसऱ्याच्या साइटवर आपण लेख लिहायचा आणि त्यात आपली लिंक घालायची, हा प्रकार इतका बोकाळला, की गूगलचे मॅट कट्स यांनी जानेवारी २०१४ मध्ये लिंकसाठीचं गेस्ट ब्लॉगिंग आता संपलं असं जाहीर लिहिलं. वाचकांसाठी लिहिलेला लेख मात्र तेव्हाही चालत होता आणि आजही चालतो. एखाद्या पक्षिनिरीक्षकांच्या साइटने नान्नजच्या माळढोक अभयारण्याला कसं जायचं, यावर तुमच्याकडून लेख मागितला तर जरूर लिहा. लेखाच्या शेवटी ओळख आणि एक लिंक पुरे.

फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूबच्या वर्णनातल्या लिंका रँकिंगसाठी धरून चालू नका. त्या वाचक आणण्यासाठी आहेत आणि ते काम त्या उत्तम करतात. व्यवसायाच्या डिरेक्टऱ्यांमधल्या नोंदी दुकानाला उपयोगी, तुमच्या ब्लॉगला फारशा नाहीत. उद्या चटणी विकायला घेतलीत तर गूगल बिझनेस प्रोफाइल आधी करा.

हुरडा पार्टीच्या शेतमालकांचे पैसे घ्यायला हरकत नाही, पण दोन गोष्टी पाळा. लेखाच्या सुरुवातीलाच ‘हा लेख प्रायोजित आहे’ असं स्पष्ट लिहा, आणि त्यांच्या लिंकला स्पॉन्सर्डची खूण लावा. वर्डप्रेसमध्ये लिंकच्या कोडमध्ये ती लावता येते, आणि लिंकच्या रकान्यातच त्याचा पर्याय देणारी प्लगइनही मिळतात. पैसे घेऊन साधी लिंक दिली तर नियम तुम्ही मोडलेला असतो, आणि कारवाई तुमच्याही साइटवर होऊ शकते. ते म्हणतील, ‘खूण लावू नका, डूफॉलोच पाहिजे.’ तेव्हा त्यांना शांतपणे सांगा, की तुमच्या लेखातून त्यांना मिळणार ती हुरड्याला येणारी माणसं, आणि ती माणसं कोडमधली खूण बघत नाहीत. ऐकलं नाही तर काम सोडा.

आता ज्यासाठी मला तुमचं पत्र खास वाटलं, तिकडे येते. ४१ लिंगं.

सोलापूरविषयी इंटरनेटवर मजकूर कमी नाही, पण पुष्कळसा एकमेकांवरून उचललेला आहे. चादर, चटणी, सिद्धेश्वर तलाव, तीच पाच वाक्यं फिरत असतात. स्वतः त्या त्या ठिकाणी जाऊन प्रत्येक लिंगाची नोंद करणं हे वेगळं काम आहे, आणि खऱ्या लिंका अशाच कामाला मिळतात. कोणाकडून मिळतील तेही बघा. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची यात्रा, म्हणजे गड्डा यात्रा भरते, नंदीध्वजांची मिरवणूक निघते, ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो, अक्षता सोहळा होतो. त्याआधी प्रत्येक वृत्तपत्राला माहिती लागते. विद्यापीठात इतिहासावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला लागते. नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेल्या सोलापूरकराला मुलांना दाखवायला लागते. आणि एक मोठा वर्ग तुमच्या ध्यानात आला नसेल. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, बसवेश्वरांच्या काळातले शरण, म्हणजे शिवभक्त संत. त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत. सीमेपलीकडे त्यांच्याविषयी वाचणारे, लिहिणारे भरपूर लोक आहेत. तुमच्या ओळखीत घरात कन्नड बोलणारं कुणी असेलच, सोलापुरात ते शोधावं लागत नाही. त्यांच्याकडून लेखाचा सारांश कन्नडमध्ये करून घ्या. कन्नड पानावरून मराठी पानाला आलेली लिंकही तितकीच खरी असते.

पण आज तुमची माहिती ४१ लेखांत विखुरलेली आहे असं पत्रावरून दिसतं. पत्रकाराला ४१ लिंका देता येत नाहीत, त्याला एकच द्यायची असते. म्हणून एक मुख्य पान करा. सगळ्या ६८ ची यादी, प्रत्येकाचं ठिकाण, जवळची खूण, नकाशा, आणि त्या त्या सविस्तर लेखाची लिंक. जिथे अजून गेला नाहीत, तिथे ‘माहिती लवकरच’ असं प्रामाणिकपणे लिहा. प्रत्येक लेखातून या मुख्य पानाकडे लिंक द्या. स्वतःच्याच साइटवरच्या या अंतर्गत लिंकांना कुणी बॅकलिंक म्हणत नाही, म्हणून लोक त्यांच्याकडे बघत नाहीत. पण बाहेरून एका पानाला मिळालेलं वजन बाकीच्या पानांपर्यंत त्यांच्यामार्फतच पोचतं. शिवाय त्या पूर्णपणे तुमच्या हातात आहेत, आणि फुकट आहेत.

या पानाचा पत्ता दरवर्षी बदलू नका. ‘गड्डा यात्रा २०२४’, ‘गड्डा यात्रा २०२५’ अशी नवी नवी पानं केली की प्रत्येक वर्षी शून्यापासून सुरुवात होते आणि जुन्या लिंका जुन्या पानावर पडून राहतात. पान एकच ठेवा, त्यातलं वेळापत्रक दरवर्षी बदला. आणि ते नोव्हेंबर संपायच्या आत तयार ठेवा. गूगलला पान ओळखायला वेळ लागतो, पत्रकारही डिसेंबरातच शोधाशोध सुरू करतात.

पत्त्यावरून आणखी एक गोष्ट, ती फक्त आपल्यासारख्या देवनागरीत लिहिणाऱ्यांची आहे. पानाचा पत्ता देवनागरीत ठेवला आणि कुणी तो कॉपी केला, की त्याची टक्केवारीच्या चिन्हांची लांबलचक माळ होते. एका देवनागरी अक्षरचिन्हाच्या जागी नऊ चिन्हं येतात. वर्डप्रेसमध्ये पत्त्याच्या या भागाला २०० चिन्हांची मर्यादा आहे, म्हणजे बावीसेक अक्षरचिन्हांनंतर तो मध्येच तुटतो. अशी माळ बघून लोक ती फसवणुकीची लिंक समजतात, किंवा पेस्ट करताना अर्धीच पेस्ट होते आणि लिंक मोडते. लेख मराठीत, शीर्षक मराठीत, पण पत्ता रोमन लिपीत आणि छोटा ठेवा. नव्या पानांपासून हे सुरू करा. ज्या जुन्या लेखांना बाहेरून लिंका आल्या आहेत त्यांचे पत्ते उगाच बदलू नका. बदललेच तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचं वळण, म्हणजे ३०१ रिडायरेक्ट, लागलंय की नाही ते तपासा.

चादरींवरही असंच एक पान होऊ शकतं. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, आणि बाहेर बनलेल्या चादरीही सोलापुरी म्हणून विकल्या जातात. अस्सल चादर हाताला कशी लागते, काठ कसा असतो, लेबलवर काय बघायचं, हे पूर्व भागातल्या एखाद्या विणकराला विचारून फोटोंसह लिहा. ग्राहकांना सल्ला देणाऱ्या कुठल्याही साइटला अशा पानाची लिंक द्यावीशी वाटेल.

तुमचे फोटो कुणी न विचारता वापरले असतील, याची मला जवळपास खात्री आहे. नंदीध्वजांचे चांगले फोटो फिरत असतात. तुमच्या लेखातलं एखादं वेगळं वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधा, फोटो गूगल लेन्सने शोधा. जे सापडतील त्यांना भांडणाच्या सुरात लिहू नका. असं काही लिहा: ‘नमस्कार. आपल्या लेखातला नंदीध्वजांचा फोटो मी काढलेला आहे. तो वापरायला माझी हरकत नाही, पण फोटोखाली माझ्या ब्लॉगचं नाव आणि मूळ लेखाची लिंक द्यावी, ही विनंती. मूळ लेखाचा पत्ता सोबत देत आहे.’ बरेच लोक देतात. हे श्रेय तुमचं आहे, त्यामुळे ते मागायला संकोच करू नका.

गूगल सर्च कन्सोल, म्हणजे आपली साइट गूगलवर कशी दिसते ते साइटच्या मालकाला दाखवणारं गूगलचं साधन, तुम्ही वापरता की नाही ते पत्रात नाही. नसाल तर या आठवड्यात जोडून घ्या, ते मोफत आहे. त्यात ‘लिंक्स’ नावाचा विभाग आहे. तुम्हाला कोण लिंक देतं, कोणत्या पानाला देतं, कोणत्या शब्दांत देतं, ते तिथे दिसतं. यादी संपूर्ण नसते, नमुना असतो, पण अंदाज यायला पुरतो. तिथे अनोळखी, विचित्र नावांच्या साइटा दिसल्या तर घाबरू नका. प्रत्येक साइटला अशा कचरा लिंका येतात आणि गूगल त्या सोडून देतं. ऑक्टोबर २०१२ पासून नको असलेल्या लिंका नाकारायचं डिसअव्हाव नावाचं साधन आहे, पण बहुतेक साइटांना त्याची गरज पडत नाही असं गूगलच सांगतं. ‘मॅन्युअल ॲक्शन’ विभागात काही लिहून आलेलं नसेल, तर त्याला हात लावू नका. चुकून चांगल्या लिंकाही नाकारल्या जातात.

हे सगळं केल्यावर महिन्याभरात पहिल्या पानावर याल असं मी म्हणणार नाही. लिंकांचा परिणाम दिसायला आठवडे, कधी महिने जातात. पण ‘सोलापूर ६८ लिंग’ असं शोधणाऱ्यासाठी मराठीत तुमच्याएवढं काम केलेली पानं फार नसतील, त्यामुळे तिथे तीन हजारांची गरजच नाही. विषयाशी नातं असलेल्या आठ-दहा ठिकाणांनी मनापासून लिंक दिली तरी फरक जाणवेल, असं माझं मत आहे.

साडेचार हजार खर्च करायचेच असतील तर ठरवून एक रिक्षा सांगा आणि उरलेली २७ लिंगं पुरी करा. सोबत परिसरातली, पूजाअर्चेची माहिती असलेली जुनी माणसं गाठा, त्यांच्या आठवणी त्यांच्या नावानिशी, त्यांची परवानगी घेऊन लिहा. पुढच्या पत्रासोबत सर्च कन्सोलमधली लिंक देणाऱ्या साइटांची यादी पाठवा. त्यांपैकी कुणाला आभाराचं पत्र पाठवायचं आणि कुणाकडे पत्ता दुरुस्त करून मागायचा, ते एकत्र बसून बघू.